शेकोटीपाशी राहिलेले उत्तर



पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी श्रीनिवृत्तिनाथांची यात्रा भरते. आषाढी वारी पावसाची, तशी ही वारी थंडीची. आमची लहानशी दिंडी येवल्याकडून निघते, लासलगाव-निफाड करत नाशिक गाठते आणि तिथून ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी जाते. निफाड तालुक्यात आमचा एक मुक्काम वर्षानुवर्षे ठरलेला आहे. यजमान माळकरी आहेत, द्राक्षबागाईतदार आहेत, वयाने माझ्यापेक्षा मोठे आहेत. गाव त्यांना नाना म्हणते, म्हणून आम्हीही नानाच म्हणतो.

गोष्ट २०१९ च्या जानेवारीतली आहे. त्याआधी महिनाभर, डिसेंबरच्या अखेरीस, निफाडच्या गहू संशोधन केंद्रात पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता. पानांवरचे दव गोठले. नानांनी रात्रभर बागेच्या ओळींमध्ये शेकोट्या पेटवल्या, पहाटे ठिबक चालू ठेवले. तरी तयार होत आलेले मणी तडकले आणि मागास बागेची फुगवण थांबली. आम्ही मुक्कामाला गेलो तेव्हा त्या बागेकडे बघवत नव्हते.

त्या रात्री कीर्तनसेवा माझ्याकडे होती. निरूपणाच्या ओघात मी म्हणून गेलो की, माणसाच्या हावेने ही धरणीमाय दिवसेंदिवस तापत चालली आहे. लोकांनी माना डोलावल्या. कीर्तन आटोपले, पंगत झाली आणि आम्ही दहा-बारा जण शेकोटीभोवती बसलो. तेव्हा नाना हळूच म्हणाले, "महाराज, रागावू नका, एक विचारतो. पृथ्वी तापतेय म्हणालात. मग महिन्यापूर्वी माझ्या बागेत बर्फ कुठून आला? मी खोटं बोलतो, का माझी बाग खोटं बोलते?"

मी म्हणालो, "नाना, शास्त्रज्ञ तसं सांगतात."

"कोणते शास्त्रज्ञ? ज्यांचा अंदाज ऐकून मी एकदा फवारणी थांबवली आणि दुसऱ्या दिवशी पाऊस पडला, तेच ना?"

सगळे हसले. मीही हसलो. पण अंथरुणावर पडल्यावर झोप येईना. जे मला स्वतःला नीट समजले नव्हते, ते मी नारदांच्या गादीवर उभा राहून ठामपणे सांगितले होते. ऐकीव गोष्ट कितीही खरी असली, तरी ती न समजता सांगणारा खोटेपणाच करत असतो. ते उत्तर त्या रात्री राहून गेले. पुढे मी वाचले, जाणकारांना विचारले, आणि जे उमगले ते आज तुमच्यापुढे ठेवतो. कारण नानांचा प्रश्न वरवर थंडीचा दिसला, तरी खाली तो वेगळाच आहे. आपण न पाहिलेले सत्य कोणाच्या शब्दावर आणि कसे मानावे, हा तो प्रश्न आहे. परमार्थात तर तो पावलोपावली भेटतो.

पहिली गोष्ट ही की, नाना खोटे बोलत नव्हते. प्रत्यक्ष हे प्रमाणच आहे. शेतकऱ्याच्या प्रत्यक्षाला हसणाऱ्याने शास्त्राच्या गप्पा मारू नयेत. पण प्रत्येक साक्षीदाराची एक हद्द असते. नानांच्या बागेने साक्ष दिली ती त्या बागेची आणि त्या रात्रीची. त्या साक्षीने सगळ्या पृथ्वीचा निवाडा करता येईल का? ज्या २०१८ साली निफाडला दव गोठले, ते साल साऱ्या जगाची सरासरी काढली तेव्हा नोंदींच्या इतिहासात तोवरचे चौथे उष्ण साल ठरले. आपल्या भारतातही १९०१ पासूनच्या सालांत ते सहावे उष्ण होते. इकडे नाना शेकोट्या पेटवत होते, आणि त्याच डिसेंबर-जानेवारीत ऑस्ट्रेलियात उन्हाळ्याने आधीचे उच्चांक मोडले होते. दोन्ही खरे. नाना एक पाहत होते, दुसरे त्यांना दिसण्याजोगे नव्हते.

ही शंका एकट्या नानांची आहे असेही नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये जेम्स इनहॉफ नावाच्या सदस्याने बाहेरच्या बर्फाचा गोळा हातात घेऊन भर सभागृहात दाखवला. बाहेर एवढी थंडी असताना पृथ्वी कशी तापते, असा त्यांचा रोख होता. हे गृहस्थ त्या वेळी तिथल्या पर्यावरणविषयक समितीचे अध्यक्ष होते. नुकतेच सरलेले २०१४ हे साल तोवरचे सर्वांत उष्ण साल म्हणून जाहीर झाले होते. हातातला गोळा खराच बर्फाचा होता. पण तो त्या गावचा, त्या दिवसाचा होता.

आता वारकऱ्याला कळेल अशा भाषेत बोलतो. आपण रिंगण पाहिले आहे. माउलींचा अश्व गोल धावतो. त्या धावण्यात निम्मा वेळ त्याचे तोंड पंढरपूरच्या उलट दिशेला असते. नेमक्या त्याच क्षणी कोणी पहिल्यांदा तिथे आला आणि म्हणाला, "अहो, वारी आळंदीला परत चालली," तर आपण काय म्हणू? त्याचे डोळे खोटे नाहीत. अश्व खरोखर उलटा धावतो आहे. पण वारी कुठे चालली हे रिंगणावरून ठरत नाही, मुक्कामांवरून ठरते. काल कुठे होतो, आज कुठे आहोत, उद्या कुठे असू, हे लावून पाहिले की दिशा कळते. रोजचे हवामान हे रिंगण आहे. थंडीची लाट, अवकाळी पाऊस, एखादा गार वैशाख, ही सगळी त्या अश्वाची धाव. पृथ्वीची वारी कुठे चालली, ते पाहायला तीस-चाळीस वर्षांचे मुक्काम मोजावे लागतात.

इथे कोणी विचारील की, बदल एवढा मोठा असेल तर तो अंगाला का जाणवत नाही? पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी २०२० साली जो अहवाल मांडला, त्यात १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढल्याचे म्हटले आहे. पाऊण अंशसुद्धा नाही! आणि निफाडला हिवाळ्यात दुपार आणि पहाट यांत वीस-वीस अंशांचे अंतर पडते. एका दिवसात वीस अंशांचे चढ-उतार सोसणाऱ्या कातडीला शंभर वर्षांतला पाऊण अंश कसा कळावा? तो कळायला वही लागते.

वहीची गोष्ट निघाली म्हणून माझीच एक फजिती सांगतो. मी तरुण पोरांना नेहमी सांगत असे, "आमच्या लहानपणी पौषात हाडे गोठत, आता ती थंडी राहिली नाही." हे सांगताना मला आपण शास्त्राच्या बाजूने बोलतो आहोत असे वाटे. आमच्या वडिलांना दिंडीची वही लिहायची सवय होती. मुक्काम, माणसे, शिधा आणि त्या दिवशीचे हवामान एका ओळीत. नानांच्या प्रश्नानंतर मी ती वही काढली. माझ्या लहानपणातल्या एका पौषात लागोपाठ तीन मुक्कामांवर "थंडी नाही, कांबळी बांधूनच राहिली" अशी नोंद निघाली. मला आठवत होते ते फक्त हुडहुडीचे पौष. ज्या रात्री सोसल्या त्या लक्षात राहिल्या, ज्या सुखाच्या गेल्या त्या विसरलो. नाना एका थंड रात्रीवरून पृथ्वी तापत नाही म्हणत होते, मी माझ्या आठवणीवरून तापते म्हणत होतो. माझे म्हणणे शेवटी खरे ठरले, पण त्याला आधार नव्हता. खऱ्या गोष्टीवर खोट्या कारणासाठी विश्वास ठेवणारा माणूस उद्या त्याच मार्गाने खोट्यावरही विश्वास ठेवील. चैत्रातल्या एखाद्या तापलेल्या दुपारी "बघा, आले की नाही ग्लोबल वॉर्मिंग!" म्हणणारे आणि पौषातल्या पहाटे "कुठे गेले ते?" विचारणारे, दोघेही एकाच दिंडीचे टाळकरी.

पुण्यात शिवाजीनगरच्या वेधशाळेला जुने लोक अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात, कारण हवामान खात्याचे मुख्य कार्यालय १९२८ साली शिमल्याहून तिथे आले. ते खाते १८७५ पासूनचे. तेव्हापासून कोणी ना कोणी ठरल्या वेळी उठतो, पारा पाहतो आणि जे दिसते ते लिहितो. आवडले म्हणून जास्त नाही, नावडले म्हणून कमी नाही. मला तर हा नित्यनेमच वाटतो. आपण काकडा चुकवत नाही, तसे ते नोंद चुकवत नाहीत. अशा हजारो ठिकाणच्या नोंदी एकत्र मांडल्या म्हणजे वारीची दिशा दिसते. एका दिंडीला अख्खी वारी दिसत नाही, पण सगळ्या दिंड्यांच्या वह्या एकत्र आणल्या तर दिसते.

आता कारणाकडे वळू. नाना द्राक्षाचे जाणते आहेत. थंडीची लाट कधी येते हे त्यांना पक्के ठाऊक. उत्तरेचा कोरडा वारा सुटला आणि आभाळ निरभ्र राहिले की पहाटे पारा घसरतो. आणि ढग आले की थंडी पळते. का पळते? दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता वर सोडत असते. ती डोळ्यांना दिसत नाही. ढग आणि हवेतली वाफ ती अडवतात आणि काही खाली परत पाठवतात. आभाळ मोकळे आणि हवा कोरडी असली तर ती निघून जाते आणि दव गोठते. म्हणजे आभाळाला एक घोंगडी असते, हे शेतकऱ्याने रात्र जागून पाहिलेलेच आहे. कर्बवायूही तशीच घोंगडी आहे. फरक एवढाच की, ढग आज येतो, उद्या जातो. कर्बवायू एकदा वर गेला की त्याचा मोठा वाटा शेकडो वर्षे तिथेच राहतो.

हा शोध कालचा नाही. १८५६ साली युनिस फूट या बाईंनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले, तेव्हा कर्बवायूचे नळकांडे अधिक तापल्याचे त्यांना दिसले. १८५९ मध्ये जॉन टिंडल यांनी हे वायू उष्णता अडवतात हे मोजून दाखवले. तेव्हा ना कोणाला मते मागायची होती, ना अनुदान. कारखाने सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. १९५८ मध्ये हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर रोजचे मोजमाप सुरू झाले तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. आता तो ४२० च्या पुढे गेला आहे. घोंगडी जाड होत चालली आहे. घोंगडी पांघरली म्हणून कधीच थंडी वाजणार नाही असे मात्र नाही. वारा असा सुटतो की, एखाद्या रात्री घोंगडीतही दात वाजतात. तेवढ्यावरून कोणी घोंगडी नाहीच असे म्हणत नाही.

आणि नानांचा तो दुसरा टोला? उद्याचा पाऊस ज्यांना सांगता येत नाही, ते तीस वर्षांनंतरचे काय सांगणार? हाही प्रश्न रास्त आहे. पण विचार करा. आषाढीला निघताना कोणत्या वारकऱ्याला कोणत्या मुक्कामी किती भूक लागेल, हे कोणी सांगू शकत नाही. तरी दिंडीचालक किती पोती पीठ लागेल ते निघण्याआधी सांगतो आणि फारसा चुकत नाही. एकेकाची भूक सांगणे वेगळे, दिंडीचा शिधा सांगणे वेगळे. पुढच्या गुरुवारी पाऊस पडेल का, हे सांगताना वेधशाळा चुकते. पण पौषापेक्षा वैशाख तापेल, हे सांगताना कोणी चुकत नाही. तिथे ऋतूचे कारण ठाऊक असते, इथे घोंगडीचे ठाऊक आहे.

इतके झाल्यावरही एक गोष्ट उरते आणि मला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. नानांचा राग केवळ अज्ञानाचा नव्हता. पंडितांवर सहज विश्वास ठेवू नये, हे तर आपल्याच परंपरेने आपल्याला शिकवले आहे. पैठणच्या विद्वानांनी निवृत्ति-ज्ञानदेवादी भावंडांना कसे वागवले आणि तुकोबांची गाथा इंद्रायणीत का गेली, हे आपण विसरलेलो नाही. ज्ञानाच्या नावाखाली सत्ता चालवणारे पुष्कळ होऊन गेले. आजही विमानाने येऊन थंड खोलीत बसायचे आणि बैलामागे चालणाऱ्याला "पृथ्वी वाचवा" म्हणून सांगायचे, असे चालतेच. ज्याच्या धुरामुळे घोंगडी जाड झाली तो वेगळा, आणि ज्याची बाग गेली तो वेगळा. हा हिशेब न मांडता नानांना शहाणपण सांगणे हा अन्याय आहे. त्या रात्री कीर्तनात मी "माणसाची हाव" म्हणालो. कोणत्या माणसाची, हे म्हणालो नाही. तडकलेल्या मण्यांसमोर बसलेल्या माणसाला ते लागले असेल तर नवल नाही.

पण संतांनी पंडितांचा दंभ नाकारला, ज्ञान नाकारले नाही. शके १२१२ मध्ये माउलींनी काय केले? गीता पंडितांची म्हणून टाकून दिली नाही, ती मराठीत आणून सगळ्यांपुढे मोकळी केली. खऱ्या ज्ञानाची ही एक कसोटी मानायला हरकत नाही. ते आपला हिशेब लपवत नाही. पारा मोजणाऱ्याची जात विचारत नाही. वहीची पाने कोणालाही उलटून पाहता येतात आणि चूक दाखवणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते. शास्त्रज्ञांनीही माउलींपासून एवढे घ्यावे की, आपले ज्ञान नानांच्या ओसरीवर, नानांच्या भाषेत आणून ठेवावे. ते न करता "लोक अडाणी आहेत" म्हणणे सोपे आहे.

आणि आपण काय घ्यावे? गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगितली आहेत. त्यांत पहिले कोणते? अमानित्व. पुष्कळ शिकल्यावर येणारी नम्रता ही नव्हे. ज्ञानाच्या दारात पाऊल ठेवायलाच ती लागते. सत्य माझ्या अंगणात येऊन, माझ्या कातडीला जाणवून सिद्ध व्हावे, हा हट्ट म्हणजे मानच आहे. सूर्य चालत नसताना उगवण्या-मावळण्यामुळे तो चालतो असे वाटते, हा दृष्टान्त माउलींनी चौथ्या अध्यायात कर्मातले अकर्म समजावताना दिला आहे. डोळ्यांना दिसते तेवढेच खरे धरले असते, तर त्या दृष्टान्ताचा अर्थच आपल्याला लागला नसता. ज्याने पांडुरंगाला विटेवरच्या मूर्तीपुरता पाहिला नाही, त्याने पृथ्वीला आपल्या बांधापुरती का पाहावी?

शंका घ्यावी, जरूर घ्यावी. पण शंकेच्याही दोन जाती आहेत. एक शंका उत्तर शोधत जाते आणि मिळाले की बसते. दुसरी शंका उत्तर मिळाले की जागा बदलते, कारण तिला उत्तर नकोच असते. काही न करता राहता यावे, एवढेच तिला हवे असते. बाहेरून दोघींचा वेष सारखाच. आपली कोणती, हे ज्याचे त्याने एकांतात पाहावे.

पुढच्या पौषात आम्ही पुन्हा नानांकडे उतरलो. रिंगणाची आणि घोंगडीची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग हात धरून बागेत नेले. मांडवाच्या एका खांबाला तापमापी बांधला होता, आणि त्याखाली पिशवीत एक शाळकरी वही. रोज पहाटेची नोंद. म्हणाले, "महाराज, तुमचं पटलं असं म्हणत नाही. पण लिहायला लागलोय. दहा वर्षांनी बोलू."

मला आनंद झाला. तरीही मी विचारले, "नाना, बागेवर ढग आले की तुम्ही काय करता?"

"फवारणी."

"डाउनी पानावर दिसायची वाट नाही पाहत?"

नाना थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "दिसल्यावर फवारून काय उपयोग? बाग गेलेली असते तोवर."

मी पुढे काही म्हणालो नाही. त्यांनी वही पिशवीत ठेवली, पिशवीचे तोंड बांधले, आणि आम्ही दोघे हरिपाठाला परतलो.

रामकृष्ण हरी.